गोखले, कमलाबाई

गोखले, कमलाबाई : (जन्म १९००). मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री व भारतीय मूकपटातील आद्य स्त्री-कलावंतांपैकी एक. माहेरचे आडनाव कामत. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत याही अभिनेत्री होत्या. पतीपासून विभक्त झाल्यावर दुर्गाबाईंनी चरितार्थासाठी फिरत्या नाटकमंडळीचा आश्रय घेतला. कमलाबाईंचे बालपण तेथेच गेले व वयाच्या चौथ्या वर्षी त्या रंगमंचावर आल्या.

दादासाहेब फाळके यांना राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटासाठी अभिनेत्री मिळाली नाही. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. त्याच वर्षी निर्माण झालेल्या मोहिनी भस्मासुर या मूकपटात मात्र दुर्गाबाईंनी पार्वतीची व कमलाबाईंनी मोहिनीची भूमिका केली. या कथेचा कळस शब्दांत नसून अंगविक्षेपांत आहे. मोहिनीच्या नृत्याचे अनुकरण करता करता भस्मासुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो व भस्म होतो. मूकपटाच्या माध्यमाला असे कथानक सर्वस्वी अनुकूल होते आणि हावभावांची तालीम रंगभूमीवर झालेली अभिनेत्री त्यास आवश्यक होती. तथापि या एका प्रयोगाने प्रघात पडला नाही. लंकादहन (१९१७) या चित्रपटात राम व सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या.

किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला. आवाज फुटल्याने रघुनाथराव पुरुषभूमिकांकडे वळले आणि पतिपत्नी नायक-नायिका म्हणून एकत्र काम करू लागली. तरुणपणीच वैधव्य आल्याने तीन मुलांच्या संगोपनाचा भार कमलाबाईंवर पडला व तो त्यांनी नाट्यव्यवसायावरच पेलला. स्त्रियांच्या नाटकमंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. १९३० नंतर त्या बोलपटांकडे वळल्या. गहराई (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी होय.

‘पहिली अभिनेत्री’ या बिरुदामुळे कमलाबाईंचे नाव टिकले. पण त्यामुळेच त्यांच्या नाट्यकार्याचे मूल्यमापन मागे पडले. १९१३ मध्येच गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली व बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका अभिरुचीचा मानदंड ठरल्या. मराठी रंगभूमीवरील स्त्रियांच्या प्रवेशाचे श्रेय सामान्यतः नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकास दिले जाते. त्या प्रयोगाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे लहान, फिरत्या मंडळींतून स्त्री-पुरुष एकत्र अभिनय करीत होते. सुशिक्षित वर्गाने केलेला प्रयोग ही सुधारणा ठरली, तर चरितार्थासाठी केलेला अभिनय नोंदीबाहेर राहिला. कमलाबाईंची कारकीर्द ही उणीव स्पष्ट करते. त्यांचे श्रेष्ठत्व एका चित्रपटातील अग्रक्रमात नसून, प्रतिष्ठेचे पाठबळ नसताना अभिनय हाच व्यवसाय म्हणून दीर्घकाळ सांभाळण्यात आहे.

त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) व नातू विक्रम गोखले (निधन २०२२) हे नामवंत अभिनेते होते. लालजी व सूर्यकांत हे पुत्र तबलावादक म्हणून प्रसिद्धी पावले. रीना मोहन यांनी त्यांच्यावर कमलाबाई (१९९१) हा माहितीपट काढला. वृद्धावस्थेतील कमलाबाईंचे त्यातील दर्शन हे त्यांच्या जीवनकार्याचे मोलाचे साधन होय. नव्वदी उलटल्यानंतर, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, त्यांचे निधन झाले.