हिरोडोटसचे घोडे

हिरोडोटस आमच्या बँकेत असता तर लेजर त्याच्या हाती कुणी दिलं नसतं. पण त्याच्या काउंटरवर गिऱ्हाइकांची झुंबड मात्र उडाली असती! इ. स. पूर्व ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सवाल्यांनी इराणी फौजेला पिटाळून लावलं, त्या लढाईची जुनी, सलग हकीकत म्हणाल तर या एकाच गृहस्थाची. तीही चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिलेली. या एका व्हाउचरवरून विद्वान मंडळी सबंध लढाईचा ताळेबंद मांडायला बसतात.

हकीकत मात्र मोठी बहारीची! अथेन्सनं हाकलून दिलेला म्हातारा हुकूमशहा हिप्पियस इराण्यांना वाट दाखवत किनाऱ्यावर उतरतो. तिथं त्याला जोराची शिंक येते आणि दात उडून वाळूत पडतो. पुष्कळ शोधूनही सापडत नाही. दाताची नोंद अशी चोख. पण अथेन्सचे शिपाई किती होते? आकडा नाही. इराण्यांची जहाजं सहाशे. माणसं तुम्हीच मोजून घ्या!

तोच सांगतो की, मॅरेथॉन निवडलं ते घोडदळाला सोयीचं म्हणून. त्यासाठी घोडे खास जहाजांतून आणलेले. प्रत्यक्ष लढाई जुंपते आणि घोडे गायब! मग विद्वान म्हणतात, ते रात्रीच परत जहाजांवर चढवले असणार. आधार काय, तर सुमारे दीड हजार वर्षांनंतरच्या एका बायझंटाइन कोशातली नोंद. आमच्याकडे असा फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. हे घोडेही तिथंच बांधून ठेवावेत, असं माझं मत. खोटी जुळवाजुळव करण्यापेक्षा ते बरं.

अथेन्सवाले म्हणे चिलखतं घालून आठ स्टेडिया, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, धावत शत्रूवर तुटून पडले. जर्मन इतिहासकार डेलब्रुकनं हे साफ अशक्य ठरवलं, आणि ते मलाही पटतं. बाणांच्या टप्प्यात आल्यावर धावले असतील. कोण नाही धावणार? पण म्हाताऱ्या शिपायानं सांगितलेलं अंतर दर वर्षी थोडं वाढतंच. त्यावर व्याज चढतं!

आता मेलेल्यांचा हिशेब. अथेन्सचे १९२, इराण्यांचे ६४००. भागून बघा. तीन अथेन्सवाल्यांमागे बरोबर शंभर इराणी, पैचाही फरक नाही. इतका जुळणारा हिशेब दिसला की आमच्या ऑडिटरच्या भुवया वर जातात. मोजदाद अशी येत नाही हो, गुणाकार येतो!

१९२ वर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांची नावं जमातवार दगडांवर कोरलेली होती. त्यांच्यावर रचलेला मातीचा उंचवटा आजही उभा आहे. १८९० साली तो खणला तेव्हा आत राख आणि जळकी हाडं निघाली. त्या सहा हजार चारशेंना ना नाव, ना दगड. सहाशेहून अधिक वर्षांनी पौसानियस नावाचा प्रवासी तिथं गेला. इराण्यांनाही आम्ही पुरलं, असं अथेन्सचे लोक सांगत. त्यानं शोधलं. त्याला एकही थडगं सापडलं नाही.