पडद्यावरचा पिनबॉल : जमाखर्च आणि एक गाऱ्हाणं



राजापुरात व्याख्यान म्हटलं की विषय इंग्रजांच्या वखारीचा असतो, नाहीतर गंगेचा. आजचा फलक वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं, "सर, पिनबॉल? तोही कंप्युटरवरचा?" होय, तोच. तत्त्वज्ञानाच्या माणसानं खेळाबद्दल बोलू नये असा काही नियम नाही. उलट जग ही लीला आहे असं ज्या परंपरेनं म्हटलं, त्या परंपरेतल्या माणसाला खेळ समजून घेणं भागच आहे. (हशा)

आधी ओळख करून घेऊ. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांनी खिळ्यांची फळी पाहिली असेल. तिरकी ठेवलेली लाकडी फळी, उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या, आणि खिळ्यांना आपटत खाली येणाऱ्या लोखंडी गोळ्या. काही घरांत तिला बगाटेल म्हणत. पिनबॉल त्याच घराण्यातला. १८७१ मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत या फळीच्या सुधारणांचं पेटंट घेतलं, त्यात हा स्प्रिंगचा दट्ट्या होता. पण तोवर खेळाडूच्या हाती एवढंच होतं : गोळी सोडा आणि बघत बसा. १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात फ्लिपर आले, म्हणजे गोळी परत वर उडवणारे दोन-दोन हात. त्या दिवशी प्रेक्षकाचा कर्ता झाला.

आता आपल्याकडे बघा. कोकणात पिनबॉलचं यंत्र किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. ... एकही नाही. आणि कंप्युटरवर कोणी खेळलंय? बघा, निम्मं सभागृह. हाच आपला खरा इतिहास. शंभर किलोच्या आसपास वजन, आत शेकडो तारा, दिवे, चुंबकं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्याला बुरशी धरायला वेळ लागला नसता. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना पिनबॉल भेटला तो विंडोज एक्सपीमधला 'स्पेस कॅडेट'. २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, सायबर कॅफे आले, आणि त्या यंत्रांवर तो आयताच बसलेला होता. सर वर्गाबाहेर गेले की एक्सेल खाली आणि पिनबॉल वर! (हशा)

म्हणून टीका करायची तर याच कृतीची आधी करू. सिनेमॅट्रॉनिक्सनं बनवलेला आणि १९९५ मध्ये मॅक्सिसनं काढलेला 'फुल टिल्ट' हा खेळ तीन टेबलांचा होता. मायक्रोसॉफ्टनं त्यातलं एक उचललं. त्याचं पहिलं बळ म्हणजे पूर्ण टेबल एका नजरेत दिसतं. त्या काळातल्या पुष्कळ पिनबॉल खेळांत पडदा गोळीमागे वर-खाली सरकायचा, आणि गोळी वर असताना खालचे फ्लिपर दिसायचेच नाहीत. दुसरं बळ, साधेपणा : झेड आणि तिरक्या रेघेची कळ, दोन बोटं, खेळ सुरू. त्याची उणीव अशी की त्याच्या पोटात मोहिमा आहेत, कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत हुद्दे आहेत, ते सगळं उजवीकडच्या एका छोट्या चौकटीत सांगितलं जातं, आणि गोळीवरची नजर काढून ते वाचायला कोणाला फुरसत असते? वर्षानुवर्षं खेळलेल्यांना विचारा, मोहीम म्हणजे काय ते सांगता येणार नाही.

आता सर्वसाधारण जमेची बाजू. एक, यंत्र दारी आलं, तेही नाणं न टाकता. दोन, ते झिजत नाही. खऱ्या यंत्राचं रबर सैल होतं, पडद्यावरचं नाही. तीन, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : बिल बज यांचा 'पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट' आला. त्यात तुम्ही स्वतःच टेबल मांडायचं, खिळा इथे, फ्लिपर तिथे. खेळणाऱ्याला नियम करणाऱ्याच्या जागी बसवलं. हे लोखंडाच्या यंत्राला कधीच जमलं नसतं.

खर्चाची बाजू जरा सावकाश बघू, कारण इथे तत्त्वज्ञान आहे.

खरी गोळी साधारण सत्तावीस मिलिमीटर व्यासाची. ती सेकंदाला तीन मीटर वेगानं निघाली असं धरा. कंप्युटर जर सेकंदाला साठ वेळा हिशेब करत असेल, तर दोन हिशेबांच्या मध्ये गोळी पाच सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट. मध्ये बारीक खुंटी असेल तर? आधीच्या क्षणी गोळी अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे. टक्कर झालीच नाही! बौद्धांचा क्षणिकवाद आठवा : वस्तू क्षणोक्षणी नवी, सातत्य हा आपला आरोप. नैयायिक लगेच विचारतील, मग मधल्या खुंटीचं काय? चांगला प्रोग्रॅमर इथे नैयायिकांच्या बाजूला जातो. दोन क्षणांमधला मार्ग आहे असं मानून तो वाटेत काय लागतं ते शोधतो, किंवा हिशेब कितीतरी जास्त वेळा करतो. ज्या खेळात ही मेहनत नाही तो खेळ फसवा वाटतो. का ते आपल्याला सांगता येत नाही, पण हाताला कळतं.

'स्पेस कॅडेट' विस्टापासून गेला त्याची हकीकत याच जातीची आहे. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये लिहिलं की चौसष्ट बिटांच्या विंडोजवर नेताना टक्कर ओळखणारा भाग बिघडला, गोळी भुतासारखी वस्तूंमधून आरपार जाऊ लागली, आणि चूक कुठे आहे ते सापडेना. म्हणून खेळच वगळला. इथे कारण वेगळं, पण परिणाम तोच. अडथळाच उरला नाही तर खेळ उरत नाही.

दुसरं गाऱ्हाणं उशिराचं. कळ दाबल्यापासून फ्लिपर हलेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला, आणि गोळी सेकंदाला दोन मीटरनं येत असेल, तर ती तेवढ्यात दहा सेंटिमीटर सरकते. फ्लिपरची लांबी साडेसात-आठ. म्हणजे तुम्ही बरोबर वेळी दाबलंत आणि तरीही हरलात.

तिसरं गाऱ्हाणं सगळ्यांत खोल. खऱ्या यंत्राला धक्का देता येतो. कंबरेनं, तळहातानं, अगदी हलकेच. आत एक लंबक टांगलेला असतो, त्याभोवती कडं. धक्का जास्त झाला की लंबक कड्याला टेकतो, 'टिल्ट' होतं, आणि फ्लिपर मरतात. किती ढकलायचं याचा विवेक अंगात मुरावा लागतो. कॅरममध्ये स्ट्रायकरला किती जोर द्यायचा ते जसं बोटाला कळतं, तसं. 'स्पेस कॅडेट'मध्येही धक्क्याच्या कळा आहेत, टिल्टही आहे. पण कळ दाबली किंवा नाही दाबली, एवढंच. हलका धक्का आणि जोराचा धक्का यांत फरक करता येत नाही. औचित्य ही चढउताराची गोष्ट आहे, तिचं 'हो-नाही' झालं की मोजणी राहते, विवेक जातो.

आता दैवाबद्दल. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या सदस्यांसमोर गोळी कुठे जाईल ते आधी सांगून तिथेच घातली, आणि बंदी उठली. पुढे त्यांनीच सांगितलं की तो फटका नशिबानं लागला! आपल्याकडे १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं मात्र पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. मला त्यामागचं कारण पटतं. आपली गंगा कधी येईल ते सांगता येत नाही, पण म्हणून कोणी ती आपल्याविरुद्ध सोडतंय असं आपण म्हणत नाही. लोखंडाच्या यंत्रातलं दैव तसं असतं : धूळ, उतार, झिजलेलं रबर. पडद्यावरचं दैव कोणीतरी लिहिलेलं असतं. साध्या 'स्पेस कॅडेट'मध्ये त्यानं बिघडत नाही, लिहिणाऱ्याला तुमच्या हरण्यातून काही मिळत नाही. पण गोळी पडली की "अजून एक गोळी, इतके रुपये" असं विचारणाऱ्या फोनवरच्या खेळात? तिथे उतार ठरवणाराच गल्ल्यावर बसलाय. त्यानं फसवलंच असं मी म्हणत नाही. पण त्यानं फसवलं नाही हे तपासण्याचा मार्ग खेळणाऱ्याकडे नाही, आणि माझं गाऱ्हाणं तेच आहे.

जाता जाता मालकीबद्दल. 'पिनबॉल आर्केड' नावाच्या संग्रहानं २०१२ पासून जुनी खरी टेबलं कसोशीनं पडद्यावर आणली. विल्यम्स आणि बॅलीच्या टेबलांचा परवाना २०१८ च्या जूनअखेर संपला आणि ती विक्रीतून गेली. आधी घेणाऱ्यांकडे राहिली, नव्यांना दार बंद. मग दुसऱ्या कंपनीनं ती पुन्हा विकायला आणली. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं कोणाच्या परवान्यानं टिकलेली नाहीत. डिजिटल जतनाला आपण जतन म्हणतो, तेव्हा किल्ली कोणाकडे आहे ते विचारत जा.

तर निवाडा काय? मुलांना पिनबॉल खेळू द्या. पैसे न मागणारा, पूर्ण टेबल दाखवणारा, हरल्यावर का हरलो ते कळणारा खेळ निवडा. आणि घरात कॅरम असेल तर तोही काढा, पावडर टाका. जोर किती द्यायचा हे शिकवणारी दुसरी शाळा मला अजून सापडलेली नाही.

प्रश्न घेऊया.