स्पॅनिश क्रियापदांची रूपे आणि वर्गातील खेळ

स्पॅनिश भाषेच्या विद्यार्थ्यास पहिल्या काही आठवड्यांतच जी चढण लागते ती क्रियापदांची. आर, एर आणि इर असे अंत असणारे क्रियापदांचे तीन गण, त्यांचे नाना काळ व अर्थ, प्रत्येकाची सहा सहा रूपे. आणि त्यात भर म्हणजे नित्य व्यवहारात लागणारी क्रियापदेच बहुधा अनियमित. 'असणे' या अर्थी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदे आहेत, तर 'जाणे' या अर्थाच्या इर या क्रियापदाचा साधा भूतकाळ सेरच्या भूतकाळाहून तिळमात्र वेगळा नाही. 'फुइ' म्हणजे 'मी होतो' की 'मी गेलो', हे संदर्भाने ठरवावयाचे. ही रूपे संस्कृत रूपावलीप्रमाणे घोकून घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. तिचा कंटाळा शिक्षकांस व विद्यार्थ्यांस सारखाच आल्यामुळे तिच्या जागी वर्गात नाना प्रकारचे खेळ आले. या खेळांनी घोकंपट्टी खरोखरच हटविली, की तिला केवळ नवा पोशाख चढविला, याचा विचार करणे अवश्य आहे.

फाशाचा खेळ सर्वांत प्रचलित. फाशाच्या सहा बाजू आणि क्रियापदाची सहा रूपे यांचा मेळ सहज बसतो. एक पडला तर 'मी', दोन पडले तर 'तू', याप्रमाणे पुरुष व वचन ठरते. चिठ्ठीवर मूळ क्रियापद येते, आणि विद्यार्थ्याने रूप सांगावयाचे. दुसरा खेळ आरमारी लढाईचा. चौकटीच्या कागदावर उभ्या बाजूस क्रियापदे, आडव्या बाजूस सर्वनामे, मधल्या घरांत लपविलेली जहाजे; प्रतिपक्षाच्या घरावर मारा करावयाचा तर त्या घराचे रूप उच्चारावे लागते. वर्ग या खेळांत रमतो, यात संशय नाही. मुले हसतात, आवाज चढतात, आणि तासाभरात शेकडो रूपे उच्चारली जातात.

परंतु या रूपांकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. खेळात सर्वनाम आधीच दिलेले असते. विद्यार्थी 'तू' हे वाचतो आणि मग त्याला साजेसा प्रत्यय लावतो. प्रत्यक्ष स्पॅनिश संभाषणात क्रम याच्या अगदी उलट असतो. तेथे सर्वनाम सहसा येतच नाही; 'आब्लास' एवढेच कानावर पडते आणि 'तू बोलतोस' हा अर्थ शेवटच्या सकारावरून काढावा लागतो. म्हणजे ज्या प्रत्ययाने सारा भार वाहावयाचा, तो खेळात निव्वळ शोभेचा उरतो. चुकला तरी कोणाचा गैरसमज होत नाही. फार तर जहाज बुडत नाही. शिवाय अशा वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्यात सर्वनाम पेरीत जातो. स्पॅनिश माणसाच्या कानाला 'मी' 'मी' असे ठासून सांगणारा तो अहंमन्य वाटला तर दोष त्याचा नव्हे.

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत ही हानी अधिक खेदजनक होय, कारण सर्वनाम गाळण्याची सवय त्याच्या स्वतःच्या भाषेतच आहे. 'आलास का?' असे विचारताना तो 'तू' म्हणत नाही. मात्र ही अनुकूलता सर्वत्र टिकत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी मराठी रूप कर्माप्रमाणे चालते. 'पत्र लिहिले' यावरून ते मी लिहिले की तिने, हे कळत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र 'एस्क्रिबी' आणि 'एस्क्रिबिओ' या दोन रूपांनीच कर्ता उघड होतो. तेव्हा मराठी विद्यार्थ्याला नेमका भूतकाळात प्रत्यय ऐकण्याचा सराव हवा, आणि फाशाचा खेळ तो देत नाही.

या आक्षेपाला शास्त्राचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी श्रवण-भाषण पद्धती रूढ झाली, तिच्यात साचेबंद वाक्ये फिरवून म्हणण्यावर सारा भर होता. 1970 मध्ये क्रिस्टिना ब्रॅट पॉलस्टन यांनी अशा सरावांचे यांत्रिक, सार्थ आणि संवादात्मक असे तीन वर्ग पाडले. अर्थ मुळीच न कळता जो पार पाडता येतो तो यांत्रिक. या कसोटीस लावल्यास फाशाचा खेळ आणि जुनी घोकंपट्टी एकाच वर्गात येतात, ही गोष्ट खेळांचे पुरस्कर्ते सहसा बोलून दाखवीत नाहीत.

यापुढचे पाऊल बिल व्हॅनपॅटन यांनी टाकले. त्यांचे प्रतिपादन असे की, शिकणारा आधी शब्दांतून अर्थ घेतो. वाक्यात 'आयेर', म्हणजे 'काल', हा शब्द असला तर क्रियापदाच्या प्रत्ययाकडे त्याचे लक्षच जात नाही. म्हणून वाक्यातून कालवाचक शब्द काढून टाकावा आणि घटना घडून गेली की नित्य घडते, एवढेच विद्यार्थ्याला विचारावे. तेरेसा कादिएर्नो यांनी 1995 मध्ये स्पॅनिश भूतकाळावरच याची परीक्षा घेतली. प्रत्यय ऐकून अर्थ लावण्याचा सराव केलेले विद्यार्थी अर्थग्रहणात पुढे गेले, आणि रूपे तयार करण्यातही प्रचलित पद्धतीने शिकलेल्यांच्या मागे राहिले नाहीत. तथापि 1996 मध्ये डीकायझर आणि सोकाल्स्की यांच्या प्रयोगात चित्र इतके एकरंगी दिसले नाही. रचनेगणिक निष्कर्ष बदलले आणि बोलण्याचा सराव बोलण्याला उपकारक ठरतो या मताला बळ मिळाले. म्हणून खेळ अजिबात टाकावेत असे नव्हे. क्रम मात्र बदलावा. आधी प्रत्यय ऐकून 'कोण?' हे ओळखणे, मागाहून रूप उच्चारणे. आरमारी लढाईतही मारा करणाऱ्याने सर्वनाम न उच्चारता केवळ रूप म्हणावे आणि प्रतिपक्षाने त्यावरून घर शोधावे, एवढा फरक केला तरी खेळाचा स्वभाव पालटतो.

खेळांहून अधिक फसवी गोष्ट म्हणजे फळ्यावरचा बूट. 'विचार करणे' या अर्थाच्या पेन्सार या क्रियापदाची 'पिएन्सो, पिएन्सास, पिएन्सा, पिएन्सान' ही चार रूपे स्वर बदलतात, 'पेन्सामोस' व 'पेन्साइस' ही दोन बदलत नाहीत. तक्त्यात बदलणाऱ्या चारांभोवती रेघ ओढली की बुटाची आकृती होते, आणि अमेरिकेतील वर्गांत ती फार लोकप्रिय आहे. स्मरणाला ती मदत करते हे खरे. पण बूट हा तक्त्याचा गुण आहे, भाषेचा नव्हे. तक्ता दुसऱ्या रीतीने मांडला की बूट नाहीसा होतो. खरे कारण आघातात आहे. आघात धातूवर पडला की स्वर फुटतो, प्रत्ययावर गेला की जसाच्या तसा राहतो. याचा पुरावा आर्जेन्टिनात मिळतो. तेथे 'तू' या अर्थी 'वोस' म्हणतात आणि रूप होते 'पेन्सास', आघात अन्त्य स्वरावर. द्वितीय पुरुष एकवचन असूनही स्वर फुटत नाही. बूट येथे निरुत्तर होतो. आघाताचा नियम होत नाही.

आघाताचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. 'आब्लो' या रूपात पहिल्या स्वरावर आघात असेल तर 'मी बोलतो', अन्त्य स्वरावर असेल तर 'तो बोलला'. पुरुष आणि काळ दोन्ही एका आघाताने बदलतात. मराठीत केवळ आघाताने असा अर्थभेद सहसा होत नसल्याने मराठी कानाला तो मुद्दाम शिकवावा लागतो. शिक्षकाने रूप उच्चारावे आणि वर्गाने आघाताच्या जागी टाळी द्यावी, हा उपक्रम दिसावयास पोरकट वाटतो. पण बुटापेक्षा त्याचे फळ मोठे.

दोन भूतकाळांच्या बाबतीत तर वर्गातील सोयीचे नियम सरळ चुकीच्या वाटेला नेतात. 'काल' आला की साधा भूत, 'नेहमी' आला की अपूर्ण भूत, अशा शब्दांच्या याद्या करून रिकाम्या जागा भरून घेतात. 'काल तो निघाला तेव्हा पाऊस पडत होता' या वाक्यात 'काल' असूनही पावसाचे क्रियापद अपूर्ण भूतातच येते, आणि 'तो नेहमी सेव्हिलमध्येच राहिला' हे साध्या भूतात बिनदिक्कत सांगता येते. आन्द्रेस बेल्यो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात अपूर्ण भूताला 'सहभूत' अशा अर्थाचे नाव दिले, म्हणजे दुसऱ्या एका गत घटनेच्या बरोबरीने चालणारा काळ. या एका नावात याद्यांपेक्षा अधिक ज्ञान आहे.

येथे मराठी हाताशी असताना तिचा उपयोग न करणे हा करंटेपणा होय. 'ती रोज देवळात जाई' आणि 'ती देवळात गेली' हा भेद विद्यार्थ्याच्या जिभेवर आहेच. साबेर या क्रियापदाचे 'साबिआ' म्हणजे 'ठाऊक होते' आणि 'सुपो' म्हणजे 'कळले'. कोनोसेरचे 'कोनोसिआ' म्हणजे 'ओळखीचा होता' आणि 'कोनोसिओ' म्हणजे 'ओळख झाली'. स्पॅनिश जे काम प्रत्यय बदलून करते ते मराठी येथे शब्दच बदलून करते. एखाद्या गोष्टीतील अशी मराठी वाक्ये वर्गापुढे ठेवून त्यांतील कोणती पार्श्वभूमी व कोणती घटना हे आधी ठरवून घ्यावे, आणि मगच स्पॅनिश रूपांकडे वळावे. फाशांची पेटी त्या तासाला कपाटातच राहिली तरी चालेल.