शर्यतीचें घड्याळ आणि लोकलचा प्रवासी

वस्तूच्या नांवावरून तिचा गुण ठरवूं नये, हा नियम काव्याप्रमाणें मनगटी घड्याळासही लागू आहे. मोटारशर्यतीची ऐट मिरविणारीं, लाखों रुपये किंमतीचीं स्विस यांत्रिक क्रोनोग्राफ घड्याळें मुंबईच्या वेशीवरील मीरा-भाईंदरसारख्या शहरांतही तरुणांच्या इच्छेचा विषय होऊं शकतात. आणि हप्त्यांच्या सोयीमुळें ती इच्छा घरच्या जमाखर्चांत शिरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून या वस्तूचें गुणदोषविवेचन आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

क्रोनोग्राफ म्हणजे कालालेखक. हें नांव प्रथम अन्वर्थक होतें. १८२१ सालीं पॅरिस येथें घोड्यांच्या शर्यतींत निकोला र्‍यूसेक याच्या यंत्रानें तबकडीवर शाईचे ठिपके पाडून घोड्यांचे वेळ खरोखरच नोंदून ठेविले. आजच्या क्रोनोग्राफांत शाई नाहीं. कळ दाबली कीं कांटा धांवूं लागतो, पुन्हां दाबली कीं थांबतो, आणि दुसरी कळ त्यास शून्यावर परत आणते. परंतु या खटाटोपांत मूळ घड्याळाची चाल मुळींच खंडत नाहीं. ही योजना बुद्धीस संतोष देणारी आहे, हें आम्ही निःसंकोच मान्य करतों.

घोड्यांची जागा पुढें मोटारींनीं घेतली. १९६३ सालीं जॅक होयर यांनीं जें ‘कॅरेरा’ घड्याळ काढलें, त्याचें नांव मेक्सिकोंत १९५० ते १९५४ पर्यंत झालेल्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ या प्राणघातक शर्यतीवरून घेतलें होतें. नांव इतकें दांडगें, पण तबकडी मात्र सोज्ज्वळ; वेळ एका दृष्टिक्षेपांत वाचतां यावी एवढाच तिचा हेतु. येथें सौंदर्य उपयोगांतून उपजलें, हीच त्याची थोरवी. उलट २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत नट पॉल न्यूमन यांचें रोलेक्स ‘डेटोना’ १ कोटी ७७ लक्ष डॉलरांस गेलें, तेव्हां किंमत यंत्राची नव्हे, मनगटाची झाली.

शर्यतीच्या क्रोनोग्राफांपैकीं पुष्कळांच्या कडेवर वेग मोजण्याची पट्टी असते. एक किलोमीटर ६० सेकंदांत कापलें तर ती ताशीं ६० किलोमीटर दाखविते, ४० सेकंदांत कापलें तर ९०; ३६०० ला सेकंदांनीं भागण्याचा हा हिशेब. काशिमीरा नाक्यावर मोटारींच्या रांगेंत अडकलेल्या गृहस्थास तिचा कांहीं उपयोग नाहीं. परंतु भाईंदरहून लोकलनें निघालेला जिज्ञासु विद्यार्थी रुळांकांठचे किलोमीटरचे खांब पाहून गाडीचा वेग सहज काढील. मात्र त्यासाठीं लाखों रुपयांचें घड्याळ लागत नाहीं. खिशांतील मोबाईलही पुरे आहे.

तात्पर्य, यंत्र उत्तम आहे, त्याचें तेज मात्र उसनें आहे. तें जिंकणाऱ्याचा आणि हरणाऱ्याचा वेळ सारख्याच निःपक्षपातानें मोजतें. विजय तें कोणासही देत नाहीं. ज्यास ऐपत आहे व ज्याचें मन त्याच्या रचनेंत रमतें, त्यानें तें अवश्य घ्यावें. केवळ शर्यतीच्या नांवासाठीं कर्ज काढणाऱ्यानें इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, कांटा एका कळीनें शून्यावर येतो, कर्ज येत नाहीं.