उशिरा पोहोचलेला शब्द

मुक्तीचा शब्द उच्चारला जाणे आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी पडणे, या दोन भिन्न घटना होत. लिंकनची मुक्तिघोषणा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आली होती. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे जनरल ग्रेंजर याच्या नावे मुक्तीचा हुकूम निघाला तो १९ जून १८६५ रोजी. हा हुकूम साहित्याच्या अभ्यासकानेही बारकाईने वाचावा असा आहे. पूर्वीचे धनी व गुलाम यांच्यात व्यक्तिगत आणि मालमत्तेच्या हक्कांबाबत पूर्ण समता राहील, असे त्यात म्हटले आहे. आणि लागलीच, मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच निमूटपणे राहून मजुरी करावी, आळसाला आश्रय मिळणार नाही, अशी ताकीदही दिली आहे. समतेची ग्वाही आणि अविश्वास ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरली आहेत.

राल्फ एलिसनच्या 'जूनटीन्थ' या कादंबरीचे मर्म या विसंगतीच्या संदर्भात ध्यानात येते. एलिसन १९९४ मध्ये निवर्तला. त्याच्या अपूर्ण हस्तलिखितातून जॉन कॅलहनने ती संपादून १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. वर्णद्वेष्टा सिनेटर सनरेडर गोळी लागून मरणासन्न आहे. बालपणी त्याला 'ब्लिस' या नावाने वाढविणारा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हिकमन उशाशी बसला आहे. दोघांच्या स्मरणात मुक्तिदिनाचे जे प्रवचन जागे होते, त्यात एक हाक देतो व दुसरा ओ देतो. हुकमाला श्रोता पुरतो; या प्रवचनाला सहभागी समुदाय लागतो. मुक्ती कोणी दिली, यापेक्षा ती कोणी स्मरणात राखली, हा प्रश्न एलिसनला मोलाचा वाटतो. ब्लिसचा सनरेडर का व्हावा, हा दुवा मात्र शिथिल राहिला आहे, हे मान्य केले पाहिजे.

मराठी वाचकास ही हाक अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केली, ती आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, या आशेने. त्या अर्पणपत्रिकेतही दूरच्या हाकेला दिलेली ओ आहे.

एलिसनच्या कादंबरीतील प्रवचनाचा भाग १९६५ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला. गॅल्व्हस्टनच्या हुकमाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती, आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या रक्षणासाठी त्याच वर्षी नवा कायदा करावा लागला. २०२१ मध्ये १९ जून हा राष्ट्रीय सुटीचा दिवस ठरला. दिवसाला मान्यता मिळाली. हुकमातील 'पूर्ण समता' हे शब्द अद्याप पूर्णार्थाने पोहोचावयाचे आहेत, आणि म्हणूनच ही अपूर्ण कादंबरी आजही वाचनीय ठरते.