गोफण आधी की गाव आधी?

या अंकासाठी आम्ही एका पुस्तकाचे परीक्षण कबूल केले होते. ते बाजूला ठेवून संगणकावरच्या एका खेळाविषयी लिहीत आहोत, वाचकांनी सांभाळून घ्यावे. खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’, त्याची सहावी आवृत्ती, २०१६ साली निघालेली. आमचा नातू बारावीत आहे. अभ्यास आटोपला की तो हा खेळ मांडून बसतो. गेल्या पावसाळी संध्याकाळी आम्हीही खुर्ची ओढून शेजारी बसू लागलो, आणि आता तो घरी गेल्यावर एकटेच खेळतो, हे सांगायला हरकत नाही.

खेळ बुद्धिबळासारखा पाळीपाळीने चालतो. हाताची चपळाई लागत नाही, म्हणून आमच्या वयाला झेपतो. पण बुद्धिबळात सोळा मोहरी आयती मिळतात. आठ प्यादी हवीत की चार उंट, असे कोणी विचारत नाही. इथे तेच विचारले जाते. सुरुवातीला हाती येतो गाव वसवणारा एक जथा आणि एक योद्धा. गाव वसले की ते दर पाळीला जे श्रम देईल त्यातून पुढचे सारे उभारायचे. गोफणवाल्याला ३५ श्रम लागतात, योद्ध्याला ४०, धनुर्धराला ६०, आणि दुसरे गाव वसवणाऱ्या जथ्याला ८०. नव्या गावाने पाळीला पाच-सहा श्रम दिले तरी पुष्कळ. म्हणजे एक निवड चुकली की सात-आठ पाळ्या पाण्यात.

नातवाने दिलेला पहिला धडा, “सबा, आधी गोफणवाला.” आम्हांला हसू आले. लहानपणी देशावर जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणारे गोफणवाले आम्ही पाहिले आहेत. दावीदाची गोष्ट तर इथे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असते. पण धडा खरा निघाला. गोफणवाला स्वस्त, त्याला पोसायला सोने लागत नाही. त्याच्या हातून एक शत्रू पडला की धनुर्विद्या लवकर साधते, आणि थोडे सोने भरले की तोच धनुर्धर होतो, मागचा अनुभव गाठीशी ठेवून. धनुर्धर दोन घरे लांबून मारा करतो. मात्र अंगावर कोणी आले तर गोफणवाल्याचे बळ अवघे ५, योद्ध्याचे २०. तेव्हा पुढे योद्धा हवाच. आणि गावाजवळ रानटी टोळीचा हेर दिसला तर बाकी सारे सोडून त्याच्या मागे लागावे. तो गाव पाहून तळावर परतला की धाड येते.

खेळाची खरी गोडी आम्हांला एका नियमात वाटली : पटाच्या एका षट्कोनी घरात एकच लढाऊ तुकडी. आमचा मुलगा २००५ सालची चौथी आवृत्ती खेळे, तेव्हा एका चौकोनात अख्खी फौज रचता येई. पाचवीपासून, म्हणजे २०१० पासून, ते बंद झाले. आता डोंगराच्या खिंडीत सहा तुकड्या नेल्या तर एक लढते आणि पाच मागे ताटकळतात. काय उभारायचे हे आधी नकाशाला विचारावे लागते.

आम्ही नकाशाला न विचारता घोडदळाला भुललो. इतिहास शिकवल्याचा हा परिणाम. एकेक ८० श्रमांचे पाच स्वार उभारले आणि शेजाऱ्यावर चालून गेलो, तर त्याने तट बांधलेला! तट फोडायला ओंडक्याचे यंत्र असते, पण ते फक्त पायदळाच्या आणि भालेकऱ्यांच्या कामी येते, स्वारांच्या नाही. पाच स्वार तटाभोवती फिरत राहिले, दर पाळीला दोन-दोन सोने खात. शेवटी त्यातले दोन आम्हीच एक कळ दाबून बरखास्त केले.

(जाता जाता एक भाषेचा मासला. भारताच्या बाजूने खेळले तर ‘वारू’ नावाची तुकडी मिळते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वारू म्हणजे घोडा. पडद्यावर आला हत्ती! आणि तो मिळवायला विद्या कोणती शिकावी लागते, तर अश्वारोहणाची.)

बरखास्त केलेले ते दोन स्वार कुठे गेले, हा प्रश्न त्या रात्री डोक्यातून जाईना. गावची वस्ती पाहिली, ती वाढली नव्हती. मग मागे जाऊन पाहिले, तर पाच स्वार उभारले तेव्हाही ती घटली नव्हती. वसाहतीचा जथा निघाला की गावातले एक माणूस कमी होते. शेताचे एक घर ओस पडते. सैनिक मात्र कोणाच्या घरातून येत नाही. त्याला श्रम लागतात, सोने लागते, लोखंड लागते, माणूस लागत नाही. आमच्या मते खेळातला मोठा दोष हाच.

करता येत नाही असे नाही. १९९४ च्या ‘कॉलोनायझेशन’ या खेळात शिपाई हवा असेल तर शेतावरचाच माणूस उचलून त्याच्या हाती ५० बंदुका द्याव्या लागत, आणि त्याचे शेत तसेच पडून राही. २०२१ च्या ‘ह्युमनकाइंड’मध्येही बहुतेक तुकड्या उभारताना वस्तीतले एक माणूस खर्ची पडते. तसे असले की चौथी तुकडी उभारताना बोट थबकते. सिव्हिलायझेशनमध्ये ते थबकत नाही. निवड फक्त महाग की स्वस्त एवढीच उरते.

हिब्रूत तुकडीला येखिदा म्हणतात. हल्ली आमच्या घरी हा शब्द शब्बाथच्या जेवणात रोज नाही तरी दर आठवड्याला येतो. नातवाला सैन्याचे पहिले पत्र आले आहे. त्याचे मित्र जमले की कोणाला कोणती येखिदा मिळेल याचीच चर्चा. पडद्यासमोर तो निवडणारा असतो. पुढल्या वर्षी त्याची निवड दुसरे कोणी करील. त्याची आई वाढता वाढता गप्प असते.

आमची तक्रार आम्ही त्याच्या कानावर घातली. तो म्हणाला, “सबा, प्रत्येक सैनिकामागे माणूस कापला तर खेळ संपायला वर्ष लागेल.” लागेना का, असे आम्ही म्हटले, आणि त्याने आमच्यासाठी गोफणवाल्याऐवजी वसाहतीचा जथा उभारायला लावला.