बिंदूंचा तक्ता आणि बिरवाडीची नोंद

डोके दुखत असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात दाबावे. मळमळत असेल तर मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे वर दाबावे. पोट बिघडले असेल तर गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला दाबावे. आणि कोणी बेशुद्ध पडले तर नाक व वरचा ओठ यांच्यामधल्या पन्हळीत नखाने दाबावे. अशा सूचना देणारे ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशरचे तक्ते आपण स्टाफरूममध्ये, दवाखान्यात किंवा जत्रेतल्या पुस्तकांच्या गाड्यावर पाहिले असतील. एका बाजूला विकारांची नावे, दुसऱ्या बाजूला बिंदू. ज्या गावात डॉक्टर जवळ नाही, तिथल्या शिक्षकाला असा तक्ता हवासा वाटावा यात नवल नाही. त्याला पैसे लागत नाहीत, औषध लागत नाही आणि मूल रडत असताना आपण काहीतरी केले याचे समाधानही मिळते.

सुया टोचण्याची ही पद्धत सरसकट चांगली की वाईट, या वादात आम्ही येथे शिरणार नाही. प्रश्न मर्यादित आहे. विकार पाहून बिंदू निवडण्याची ही कोष्टके कितपत भरवशाची आहेत? आणि शाळेत येणाऱ्या प्रसंगांत त्यांच्यावर विसंबावे का?

तक्ता एक नाही

बहुतेक पुस्तिकांत हे सारे ज्ञान हजारो वर्षांचे आणि एकाच परंपरेचे असल्याचे सांगितलेले असते. प्रत्यक्षात त्यांत निरनिराळ्या उगमांचे तक्ते शेजारीशेजारी छापलेले असतात. अंगभर पसरलेल्या १४ वाहिन्या आणि त्यांवरचे ३६१ बिंदू ही चिनी परंपरा. तळपायावर सर्व अवयव दाखवणारा तक्ता मात्र चिनी नव्हे. त्याची सुरुवात अमेरिकेतील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांच्या १९१० नंतरच्या दशकातील कल्पनेत आहे, आणि १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी त्याला आजचे रूप दिले. कानाच्या पाळीवर उलटे बाळ कल्पून त्यावर अवयव मांडणारा तक्ता १९५० च्या दशकात पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरांनी तयार केला.

परिणाम असा, की पोटासाठीचा बिंदू एका तक्त्यात गुडघ्याखाली, दुसऱ्यात तळपायावर आणि तिसऱ्यात कानात सापडतो. तीन नकाशांत महाड तीन वेगळ्या ठिकाणी दाखवले असते, तर त्यांतला बरोबर कोणता हे आपण आधी विचारले असते. येथे तो प्रश्न विचारला जात नाही, कारण कोणताही नकाशा घेऊन निघाले तरी पोहोचल्यासारखे वाटते. असे का वाटते, ते पुढे पाहू.

महाराष्ट्रात या पद्धतीशी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव जोडले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील कोटणीस हे शल्यचिकित्सक होते, आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांचे पथकातील सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी, १९५९ मध्ये कोलकात्यात. कोटणीसांचा त्याग मोठाच आहे. परंतु त्यांच्या नावाने एखादा बिंदू सिद्ध होत नाही. कायद्याचेही तसेच आहे. महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम करून या पद्धतीच्या व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद केली आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. व्यवसायाला शिस्त लागावी म्हणून हे योग्यच आहे. मात्र व्यवसायाची नोंदणी म्हणजे तक्त्यातील प्रत्येक ओळीची परीक्षा नव्हे.

जाणकारांचे एकमत किती?

केवळ चिनी परंपरेपुरते पाहिले तरी अडचण उरते. जागतिक आरोग्य संघटनेने चीन, जपान व कोरिया येथील तज्ज्ञांना एकत्र बसवून बिंदूंच्या जागा निश्चित करण्याचे काम हाती घेतले आणि २००८ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. ३६१ पैकी ९२ बिंदूंच्या जागांबद्दल मतभेद होते. चर्चेअंती बहुतेक मिटले, पण ६ बिंदूंसाठी दोन-दोन जागा नोंदवाव्या लागल्या. या सहांपैकी एक म्हणजे नाकाखालच्या पन्हळीतला, बेशुद्धीसाठी सांगितला जाणारा बिंदू.

जागा ठरली तरी निवडीचा प्रश्न राहतोच. २००१ मध्ये अमेरिकेत एक साधी पण मार्मिक पाहणी प्रसिद्ध झाली. जुन्या कंबरदुखीच्या एकाच रुग्णाला सात ॲक्युपंक्चर-चिकित्सकांनी स्वतंत्रपणे तपासले. सर्वांनी मिळून २८ बिंदू सुचवले. त्यांपैकी दोघांनी किंवा अधिकांनी सुचवलेले बिंदू अवघे ४ होते. एकाच उत्तरपत्रिकेला सात परीक्षकांनी असे गुण दिले असते, तर आपण परीक्षा-पद्धतीकडेच बोट दाखवले असते.

तुलना कशाशी करायची?

यावर पुस्तिकेचे उत्तर ठरलेले असते: ‘मतभेद असोत, रुग्णाला बरे वाटते ना?’ बरे वाटते, हे खरेच आहे. पण हे तक्ते ज्या विकारांची नावे घेतात ते पाहा. डोकेदुखी, सर्दी, पित्त, उचकी, भातलावणीनंतर धरलेली कंबर. हे बहुधा आपोआप ओसरणारे किंवा कमीजास्त होणारे विकार आहेत. शिवाय दुखणे शिगेला पोहोचले की माणूस उपाय करतो, म्हणजे ते उतरू लागण्याच्या बेतात असतानाच. त्या वेळी कोणताही बिंदू दाबला तरी श्रेय त्या बिंदूला जाते.

म्हणून ‘बरे वाटले का’ एवढे विचारून भागत नाही. ‘दुसऱ्या जागी टोचले असते तर तेवढेच बरे वाटले असते का’ हे विचारावे लागते. जर्मनीत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. पहिल्या गटाला परंपरेप्रमाणे निवडलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी वरवर टोचल्या आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पुरेसा आराम पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ४७.६, ४४.२ आणि २७.४ होते. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरील २००५ च्या जर्मन चाचणीत खऱ्या बिंदूंच्या गटात शेकडा ५१, भलत्या जागी टोचलेल्यांत ५३ आणि नुसते वाट पाहत ठेवलेल्यांत १५ जणांना फरक पडला.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. सुया टोचून घेणाऱ्यांना इतरांपेक्षा बराच अधिक आराम पडला. तो खोटा ठरवण्याचे कारण नाही. परंतु तो बिंदूच्या निवडीमुळे पडला, असे मात्र दिसत नाही. चिकित्सकाने दिलेला वेळ, स्पर्श, धीर आणि आपल्यावर उपचार होत आहेत ही जाणीव यांचा वाटा मोठा असावा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आतड्याच्या विकाराच्या एका चाचणीत २६२ रुग्ण होते. नुसते थांबलेल्यांपैकी शेकडा २८, बनावट सुयांचा उपचार घेतलेल्यांपैकी ४४ आणि बनावट सुयांसोबत आपुलकीचे बोलणे लाभलेल्यांपैकी ६२ जणांना आराम वाटला. तक्त्यात ‘आपुलकी’ नावाचा बिंदू नाही, एवढेच.

तक्त्याच्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. जुन्या वेदनांवरील ३९ चाचण्यांमधील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात खऱ्या व बनावट सुयांमध्ये लहानसा, पण निश्चित फरक आढळला. मनगटाजवळच्या बिंदूमुळे शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे ५९ चाचण्यांच्या २०१५ मधील आढाव्यात दिसले, मात्र पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे तेथेच नमूद आहे. सहलीच्या गाडीत, वरंध घाटात मुलांना गाडी लागते, त्यावर हाच निष्कर्ष परस्पर चिकटवता येत नाही. थोडक्यात, एखाद-दुसऱ्या ओळीला काही आधार आहे. शंभर ओळींच्या तक्त्याला नाही.

बिरवाडीत काय घडले?

मग उपचार कसा निवडावा? याचे चांगले उदाहरण आपल्याकडेच, महाड तालुक्यातील बिरवाडीत आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. या भागात लाल विंचवाचा दंश हे नित्याचे संकट होते. विंचू उतरवणारे मांत्रिक होते, आणि त्यांना यशही येत असे, कारण बऱ्याच दंशांत वेदना काही तासांनी आपोआप कमी होतात. तक्त्यातील बिंदूला जे श्रेय मिळते ते येथे मंत्राला मिळत होते. काही रुग्ण मात्र, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी होऊन दगावत.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंद ठेवली: घाम केव्हा सुटला, उलट्या केव्हा झाल्या, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब किती, नाडी कशी. कोण वाचले आणि कोण गेले, हे दोन्ही लिहिले. त्यांतून धोक्याची पूर्वलक्षणे हाती आली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे चेतातंतू अनावर उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकते. हे लक्षात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी आधीच वापरात असलेले प्राझोसिन हे औषध त्यांनी निवडले. ही निवड कार्यकारणावरून झाली. पश्चिम भारतातील १९६१ ते १९८३ या काळातील नोंदींत विंचूदंशाच्या रुग्णांत शेकडा २५ ते ३० मृत्यू दिसतात. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण सुमारे एकावर आले.

आम्हाला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना कच्ची असते, कारण मधल्या काळात रस्ते, वाहने, दवाखाने सारेच बदलते. ज्या औषधाने नाव झाले त्याच औषधाला बावस्कर पतिपत्नींनी महाडमध्ये कसोटीला लावले. विषबाधेची लक्षणे असलेल्या ७० रुग्णांपैकी ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसह विंचवाची प्रतिलस दिली. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले: दहा तासांत पूर्ण बरे झालेले, एकट्या प्राझोसिनवर ८ आणि दोन्हींवर ३२. बरे होण्याचा सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, हा या चाचणीचा उणेपणा. पण फरक मोठा होता. स्वतःचेच औषध एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतः मोजून जगाला सांगितले.

बिंदूंच्या पुस्तिकांत नेमके हेच होत नाही. आवृत्तीमागून आवृत्ती निघते, विकारांची यादी वाढते; पण ‘हा बिंदू तपासला, उपयोग दिसला नाही, म्हणून काढून टाकला’ असे वाक्य आम्हाला त्यांत आढळलेले नाही. जर्मनीतल्या चाचण्यांची दखल तक्ता छापणारे घेत नाहीत.

शाळेत काय करता येईल?

आठवी-नववीच्या वर्गात याचा चांगला उपक्रम होतो. त्यात कोणालाही टोचायचे किंवा दाबायचे नाही. निरनिराळ्या प्रकाशकांच्या तीन-चार पुस्तिका जमवा. डोकेदुखी, पोटदुखी, सर्दी असे पाच विकार घ्या. प्रत्येक पुस्तिका सांगते ते बिंदू मुलांना शरीराच्या कोऱ्या आराखड्यावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवू द्या. मग किती बिंदू सर्व पुस्तिकांत समान आहेत ते मोजा. दुसरा भाग: घरातील मोठ्या माणसांची डोकेदुखी काहीही न करता किती वेळात थांबली, याची महिनाभर नोंद ठेवा. औषध चालू असलेल्यांचे औषध मात्र थांबवायचे नाही. तुलनेशिवाय दावा पोकळ असतो, हे मुलांना व्याख्यानावाचून कळेल.

थकलेल्या सहकाऱ्याने हाताचे बेचके दाबले तर दाबू द्यावे. त्यात नुकसान नाही. सुया मात्र शाळेत नकोतच. आणि काही प्रसंगी तक्त्याकडे पाहण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही. बेशुद्ध मूल, छातीत दुखणे, धाप लागणे, सर्पदंश आणि विंचूदंश हे ते प्रसंग. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, यांतले काहीही दिसले तर धोका समजावा. वेदना कमी झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने लगेच दवाखान्यात न्यावे. स्टाफरूममध्ये तक्ता लावायचाच असेल तर या चार ओळींचा लावावा. त्यांतली प्रत्येक ओळ कोणीतरी रुग्णाच्या उशाशी बसून तपासलेली आहे.